चार माणसांकरिता

अन्न मापाने शिजवावे की मायेने, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असे दोन वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर आम्ही त्याची संभावना हसण्यावारीच केली असती. मोजमाप वाण्याच्या दुकानात. घरात शिजवावे, वाढावे व जेवावे. परंतु आमच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर गेल्याचे डॉक्टरांना आढळले, आणि आठच दिवसांत सूनबाईने एक पोषणविषयक पाकपुस्तक व एक लहानसा वजनकाटा घरात आणून ठेवला.

पुस्तक उघडताच आमचा विरस झाला, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक कृतीखाली उष्मांक, प्रथिने, लोह व कॅल्शियम यांचे आकडे. वरणभात म्हणजे जणू रसायनशाळेतील प्रयोगाची वहीच! ज्या परंपरेने अन्नास ब्रह्म म्हटले, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात खाणाऱ्याच्या प्रकृतीवरून आहाराचे तीन भेद केले, तिच्या वारसांनी घासागणिक बेरीज करीत बसावे, हे आम्हांस अन्नाच्या अवमानासारखे वाटले. माया मोजू लागली की ती माया राहत नाही, असा आमचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील पहिले छिद्र लगेच दिसले. 'हाताचा अंदाज' म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तेही मापच असते. फक्त ते सासूच्या हातून सुनेच्या हाती गेलेले, कोठेही न लिहिलेले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे घरोघर नेली, तेव्हा मराठी स्वयंपाकातील माया आटली, असे काही कोणी म्हणत नाही. शिवाय नवे आकडे पुष्कळदा जुन्याच पानाची साक्ष देतात. पानात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड रुचीसाठी असते, असा आमचा समज. परंतु लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी व कडधान्ये यांतील लोह अंगी अधिक लागते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच्या उलट करतो. (हे वाचून आमचा दुपारचा चहा तासभर लांबला, त्याचे दुःख अद्याप ताजे आहे.) तीच गोष्ट नाचणीची. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांनी गरिबांचे धान्य म्हणून जिच्याकडे पाठ फिरवली, तिच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तितक्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असते.

तथापि किती खावे याचा विचार कोणी खावे यापासून तोडता येत नाही. सद्गुण हा दोन टोकांमधील मध्य होय, असे सांगताना अॅरिस्टॉटलने उदाहरण घेतले आहे ते जेवणाचेच. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून तालीममास्तर सर्वांना सहाच मापे देईल असे नव्हे. तितके मायलोसारख्या मल्लास अपुरे आणि नवख्यास जास्त होईल. हा उतारा आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकवला. तो आमच्या स्वयंपाकघरास लागू पडतो, हे ध्यानात येण्यास मात्र मटकीची उसळ कारण झाली.

त्या कृतीवर 'चार माणसांकरिता' असे छापलेले होते, आणि घरात माणसे चारच. सूनबाईने चार सारख्या वाट्या मांडून त्यांत उसळ भरली. आमची वाटी पाहून आम्ही विचारले, "आज उसळ कमी का केली?"

"कमी नाही, बाबा," ती म्हणाली. "रोजच्याइतकीच आहे. आज ती चौघांत वाटली, इतकेच."

याचा अर्थ आमच्या ध्यानी येण्यास क्षणभर लागला. रोजची उसळ तिघांत वाटली जात होती. गृहिणी मागाहून बसत असे. उरलेल्या रश्शाशी भाकरी खात असे, आणि 'मला पुरते' असे म्हणत असे. बाळंतपणापासून कितीदा तरी तिला लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या आम्ही औषधांच्या दुकानातून नेमाने आणून दिल्या, पण घरातल्या भांड्यात कधी डोकावून पाहिले नाही.

१९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्या संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींत प्रौढ पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर प्रजननक्षम वयाच्या स्त्रीस २९. म्हणजे लोहाच्या बाबतीत मायलो ती! आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांपैकी शेकडा २५. मासिक पाळी, बाळंतपणे, दारिद्र्य अशी कारणे यामागे अनेक आहेत. उसळीच्या एका भांड्यावर सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण आमच्या घरी दारिद्र्य नव्हते.

मग उणीव कशाची होती? मायेची म्हणवत नाही. ती विपुल होती, परंतु एकाच दिशेने वाहत होती. जी मोजत नाही ती माया स्वतःस सहज वजा करू शकते, आणि ही वजाबाकी कोणास दिसत नाही. ज्या त्यागाची घेणाऱ्यास वार्ताही नाही, त्यात देणाऱ्याचे पुण्य असेल. घेणाऱ्याच्या पदरी मात्र नकळत केलेला अपहार पडतो. त्या निर्विकार छापील ओळीने आम्हांस प्रथमच आमचा अपहार दाखवला.

म्हणून पुस्तकाची आरती ओवाळावी असेही नाही. 'वेळ : तीस मिनिटे' असे लिहिताना मटकी भिजवणे, तिला मोड आणणे, भाजी निवडणे हे ते हिशेबात धरत नाही. पौष्टिक स्वयंपाकाने घरातील श्रम वाढतात, आणि ते कोणी करावेत याचा रकाना त्यात नाही. पहिला महिनाभर आमचा हातभार चष्मा लावून आकडे मोठ्याने वाचण्यापुरताच होता. हल्ली पालेभाजी आम्ही निवडतो. सावकाश निवडतो, अशी तक्रार आहे.

शिवाय पुस्तकास पाहुणा ठाऊक नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी ऐन जेवणाच्या वेळी एक जुना विद्यार्थी आला. गृहिणीने सवयीने आपलीच वाटी त्याच्या पानाशी ठेवली. सूनबाईने काही न बोलता पाचवी वाटी घेतली, उरलेल्या तीन वाट्यांतून एकेक पळी तीत काढली आणि ती सासूबाईंपुढे ठेवली. विद्यार्थ्यास यातले काहीच कळले नाही. त्याने उसळीची तोंड भरून स्तुती केली व आणखी मागितली. भांडे रिकामे होते. गृहिणीचा हात आपल्या वाटीकडे वळला, त्याआधी आम्ही आमची अजून न उष्टावलेली वाटी त्याच्याकडे सरकवली. तिने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि तुम्ही कशाशी जेवणार?"

"रश्शाशी," आम्ही म्हणालो. रस्साही उरला नव्हता.