रंगाखालचं लोखंड

बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात ती काही झाकायला नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वर्षभर ज्यानं ओढलं त्याला एक दिवस सजवायचं, एवढाच त्यातला भाव. पण तीच शिंगं बाजाराच्या आदल्या दिवशी तासून, तेल लावून चकचकीत केली, की बघणारा माणूस सावध होतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथं जाणता गिऱ्हाईक शिंगांवर भाळत नाही. तो बैलाचं तोंड उघडतो, दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळलाय, हे आधी ठरवतो. मग चालवून बघतो. शिंग रंगवता येतं, दात रंगवून काही होत नाही.

शिंग तेच, रंग तोच, आणि हातही त्याच मालकाचा. मग बेंदराला जी माया, ती बाजारात लबाडी कशी होते? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडत होता. त्याचं थोडंफार उत्तर मिळालं ते एका जुन्या मोटारसायकलीपाशी.

थोरल्या भावाच्या पोरानं आपली शंभर सीसीची गाडी विकायला काढली होती. त्याला कॉलेजची फी भरायची होती. गाडी तशी चालती होती, पण टाकीला पोचे, मडगार्डला गंज आणि साइडचे पॅनेल उन्हानं विटलेले. अशा गाडीला भाव कोण देणार? तालुक्याच्या पेंटरनं सांगितलेला आकडा पोराला झेपेना, म्हणून घरीच रंगवायचं ठरलं. आम्ही दोघांनी त्याआधी रंगवलं होतं ते फक्त दारं-खिडक्या आणि बैलगाडीची साठी.

नवशिक्याला वाटतं, रंगवणं म्हणजे रंग मारणं. तसं नसतंय. रुपयातलं बारा आणे काम घासण्याचं. आधी टाकीतलं पेट्रोल काढलं. रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ती भरल्या टाकीपेक्षा वाईट, म्हणून सगळं काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडीवाल्यांपासून लांब. मग साबणाच्या पाण्यानं सगळे भाग धुतले, कारण तेलकट बोट लागलेल्या जागी रंग धरत नाही. गंजाच्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ३२०. जुन्या रंगाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासायचं. इथं डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतं. शेतात वाफ्याचा उतार जसा पाणी सोडल्यावरच कळतो, तसं पोच्याचं आहे. तो हात फिरवल्यावर सापडतो.

पोचे पुट्टीनं भरले. त्या पुट्टीत हार्डनर घालायचा तो शंभराला दोनच्या आसपास. जास्त पडला की पत्र्यावर पसरायच्या आतच तिचा दगड होतो. ती वाळल्यावर पुन्हा घासणं, मग प्रायमर, मग पाणी लावून ६०० च्या पेपरनं हलका हात, आणि मग कुठं रंग. स्प्रे वीतभर लांब धरायचा, हात एका जागी थांबवायचा नाही, पातळ हात मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं दम धरायचा. एका दमात दाट मारला की ओघळ येतात. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळी दिवस टाळले. रंग आम्ही पहिलाच ठेवला. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो आणि बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. चासी नंबर जिथं ठोकलेला असतो तिथं घासायचंही नाही आणि पुट्टीही भरायची नाही, हे पोराला मी आधीच बजावलं होतं. शेवटचा चकाकीचा हात तेवढा पेंटरकडून मारून घेतला. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीला फार वाईट आणि तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

या कामात एक गोष्ट मनावर ठसली. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही भेटले की गंज चढतो. रंग त्या दोघांना बाहेर अडवतो. पण गंज न काढता वर रंग मारला, तर आतल्या आत तो पसरत राहतो आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात. म्हणजे झाकायसाठी मारलेला रंग राखत नाही. ज्याला राखायचं आहे त्याला आधी सगळं उघडं करावं लागतं. लोखंडाचा हा कायदा माणसाला लागू पडतो का, हे बघायची वेळ आमच्यावर लगेचच आली.

सीट काढून आम्ही चासी घासायला घेतली. मागचा शॉक जिथं बसतो त्याच्या वर एक जुनी चीर होती आणि तिच्यावर ओबडधोबड वेल्डिंग मारलेलं. आधीच्या मालकाच्या वेळचं काम. पोरालाही ते ठाऊक नव्हतं, कारण वर पॅनेल होतं आणि पॅनेलखाली मळ. गंज काढून, प्रायमर देऊन वर काळा रंग मारला की ती जागा अशी झाली की सांगितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

गाडी बघायला आला तो शेजारच्या वाडीचा पोरगा. त्याला डेअरीला दूध घालायला गाडी पाहिजे होती. म्हणजे मागं दोन्ही बाजूंना कॅन लटकणार, आणि सगळा भार नेमका त्याच जागेवर येणार. त्यानं टाकीवरून हात फिरवला, किक मारली, आवाज ऐकला आणि खूश झाला. चासीचं काही विचारलं नाही.

पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, त्यानं इचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. पण इचारलंच नाही, तर आपण कशाला सांगायचं? मी घेतली तवा मला कुणी सांगितलं होतं?"

हा प्रश्न साधा नाही. पोराच्या बाजूनं बोलायला कायदाही उभा राहतो. माझ्या ओळखीच्या एका वकिलानं मला १८७२ च्या करार कायद्याचं सतरावं कलम समजावून सांगितलं होतं. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात आहे. उदाहरण घोड्याचं दिलंय. घोड्यात खोड आहे हे मालकाला ठाऊक आहे, त्यानं तो लिलावात विकला आणि तोंडातून शब्द काढला नाही, तर ती फसवणूक होत नाही. पण त्याच कलमात पुढं आणखी एक उदाहरण आहे. घेणारी त्याचीच नुकतीच वयात आलेली लेक असली, तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि जाणूनबुजून खोड झाकणं ही वेगळीच गोष्ट, ती कायद्यानंही फसवणूकच.

मला हा कायदा शहाणा वाटतो. गप्प राहण्याचं मोल नात्यावर ठरतं, हे लिहिणाऱ्याला कळत होतं. फक्त त्यानं लेक फार जवळची धरली. वाडीचा तो पोरगा कुणाचा तरी लेकच आहे. सांजच्याला कॅन घेऊन तो उतारावरून येणार, आणि वेल्डिंग सुटलं तर त्याची आई दारात वाट बघत बसणार. बाजारातला परका माणूस परका राहतो तो आपल्याला त्याचं घर दिसत नाही तोवरच.

पण त्याहून मोठं कारण मला हातांत सापडलं. पेंटरकडून गाडी रंगवून आणली असती, तर पोरगा खऱ्या मनानं म्हणू शकला असता, "मला ठाऊक नव्हतं." आम्ही ती घरी घासली. तिचा प्रत्येक पोचा आमच्या बोटांना पाठ झाला होता. जो स्वतः घासतो त्याला अजाण राहण्याची सोय उरत नाही. आणि जाणत्याचं गप्प राहणं अजाणत्याच्या गप्प राहण्यासारखं नसतं. पोराला घेताना कुणी सांगितलं नाही हे खरं. पण तो अन्याय त्यानं पुढं ढकलला, तर फेडला जात नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो.

पोरगा कुरकुरला, पण पॅनेल त्यानंच काढलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. सौदा दोन हजारांनी उतरला. त्या पोरानं गाडी घेतली, आणि कॅन लटकवायच्या आधी चांगल्या वेल्डरकडून तिथं पट्टी मारून घेतली.

दोन हजार म्हणजे फीतला चांगला वाटा होता. ते गेले पोराच्या खिशातून, आणि खरं बोल म्हणणारा मी. यात मला न्याय दिसेना, म्हणून निम्मी तूट मी दिली. खरेपणाचा उपदेश फुकट करता येतो, पण खरेपणा फुकट नसतो. ज्याला तो दुसऱ्याकडून पाहिजे, त्यानं त्या ओझ्याखाली आपलाही खांदा द्यावा. नाहीतर गरिबाला नीती शिकवणं ही सगळ्यांत स्वस्त हौस आहे.

रंगाचा यात काही दोष नाही. शिंगाला लावा, टाकीला लावा, घराला लावा. जुन्या वस्तूला नवं रूप द्यावंसं वाटणं ही मायाच आहे, आणि नीटनेटकं करून विकण्यात काही गैर नाही. बेंदराच्या रंगात आणि बाजारच्या रंगात फरक एवढाच, की बेंदराला बैलाची खोड आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी आपण त्याला सजवतो. बाजारात ती फक्त आपल्याला ठाऊक असते. रंगाखाली काय आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक झालं, की बाजारातला रंगसुद्धा बेंदराचाच होतो.