हरण्याची अट

वाद अडला की एक वाक्य हमखास येतं: 'हे तुमचं गृहीतक, ते माझं, दोन्ही सारखीच.' जणू गृहीतक म्हणजे पुरावा न जुळवता बाळगलेलं मत. विज्ञानात मात्र ते इतकं स्वस्त नाही. तिथे गृहीतक मांडणाऱ्यावर एक जास्तीचं काम पडतं: काय दिसलं तर आपण चुकलो, हे त्याला आधी सांगावं लागतं. ते सांगता येत नसेल, तर विधान कितीही खोल वाटो, उद्या ते खरं ठरण्याची शक्यताही असो, त्याला गृहीतक म्हणण्यात अर्थ नाही.

उदाहरणासाठी मी मुद्दाम एक हरलेलं गृहीतक घेतो. १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बॉन्डी आणि थॉमस गोल्ड यांनी 'स्थिर स्थिती'चं विश्व मांडलं. विश्व प्रसरण पावतं, हे त्यांना मान्य होतं. पण ते कधी सुरू झालं नाही आणि संपणारही नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तसं मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होतं, त्यामुळे कुठल्याही काळी पाहिलं तरी विश्वाचं सरासरी रूप तेच, असं त्यांचं म्हणणं. हे द्रव्य किती? एका घन किलोमीटरमध्ये वर्षाला साधारण एक हायड्रोजन अणू. तो कुठल्या प्रयोगशाळेत सापडणार? वरवर पाहता हे न तपासता येणारं, सोयीस्कर विधान वाटतं.

पण तसं ते नव्हतं. आकाशात दूर पाहणं म्हणजे जुन्या काळात पाहणं. विश्व सदासर्वकाळ सारखंच असेल, तर दूरच्या भागातही आपल्या आसपास असते तेवढीच दाटी दिसायला हवी. अणू दिसो वा न दिसो, ही मोजणी करता येते. या गृहीतकानं आपली मान अशी स्वतःहून पुढे केली होती, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण यातच आहे.

मोजणी केंब्रिजमध्ये झाली. मार्टिन राइल यांच्या गटानं १९५५ मध्ये रेडिओ स्रोतांची गणती जाहीर केली. तीत दूरचे, क्षीण स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि स्थिर स्थिती निकालात निघाल्याचा गाजावाजा झाला. मात्र सिडनीच्या निरीक्षकांशी आकडे जुळेनात. राइल यांच्या यादीतले बरेचसे स्रोत अस्तित्वातच नव्हते. दुर्बिणीला जवळजवळचे क्षीण स्रोत वेगळे करता आले नव्हते. पुराव्यानं गृहीतक मोडतं हे खरं, पण पुराव्यालाही आधी तपासून घ्यावं लागतं, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १९६१ मध्ये राइल सुधारलेले आकडे घेऊन आले. तेव्हा लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांना उत्तर द्यायला हॉइल यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी उभा राहिला: कोल्हापूरचे जयंत नारळीकर. स्रोत सर्वत्र सारखे विखुरलेले नसून मोठमोठ्या पुंजक्यांत असतील, तर अशी गणती आमच्या विश्वातही मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाची नोंद जाहीर केली. तप्त आरंभाची ही खूण स्थिर स्थितीला पेलली नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ असा आरंभ मानणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धान्ताकडे वळले.

मग हे सगळं वाया गेलं का? अजिबात नाही. स्थिर स्थितीत आरंभीची भट्टीच नाही. म्हणून कार्बनपासून लोखंडापर्यंत आणि त्यापुढचंही सारं ताऱ्यांतच घडायला हवं. हॉइल यांचा हा विचार १९४६ पासूनचा. नव्या गृहीतकानं त्याला निकड आणली. ताऱ्यात कार्बन तयार व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्राला ठरावीक ऊर्जेची एक पातळी असलीच पाहिजे, असं त्यांनी १९५३ मध्ये सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी काहीशा नाखुशीनंच प्रयोग केला आणि ती पातळी सापडली. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत घडतात, हे आज महास्फोटवालेही मानतात.

आता दुसरी चाचणी, पुण्यातली. जन्मकुंडलीवरून बुद्धिमत्ता सांगता येते, हा दावा नारळीकरांनी २००८ मध्ये तपासायचं ठरवलं. सोबत नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकारी होते. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. त्यांतल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या, आणि कुठली कोणाची हे त्यानं ओळखायचं. नाणं उडवूनही वीसच्या आसपास बरोबर येतील. म्हणून निदान अठ्ठावीस हवीत, हे आधीच ठरलं. या चाचणीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हा आकडाच आहे. उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. सर्वांत चांगला निकाल चोवीस, सरासरी सतराच्या जरा वर.

ज्योतिषाची बाजू घेणाऱ्याला यावर बोलायला जागा उरतेच: जन्मवेळ नेमकी नसेल, ग्रह फक्त कल दाखवतात, खरा जाणकार या भानगडीत पडत नाही. कोणी म्हणेल, नारळीकरांनी तरी काय केलं? १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीला नवं रूप दिलंच ना? त्यात सूक्ष्मलहरींचा उलगडा करायला अवकाशात लोखंडाच्या बारीक सुयांची धूळ आणली होती. ठिगळ ते ठिगळच!

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मलाही ती धूळ जरा जास्तच सोयीची वाटते. पण दोन ठिगळांत फरक आहे. 'ग्रह फक्त कल दाखवतात' असं म्हटलं की पुढची कुठलीच चाचणी लागू पडत नाही, दावा कायमचा सुटतो. लोखंडी धूळ आणली की मात्र नव्या अडचणी अंगावर येतात: फार दूरच्या स्रोतांकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी त्या धुळीत क्षीण व्हायला हव्यात. शिवाय या नव्या विश्वाचं आकुंचन आणि प्रसरण आलटून पालटून चालतं, म्हणून मागच्या आवर्तनातल्या काही अतिक्षीण दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या दिसायला हव्यात. नारळीकरांनी हे स्वतःच सांगून ठेवलं होतं. तशा दीर्घिका आजवर सापडलेल्या नाहीत.