वाट दोघांची

सुरतच्या पांडेसऱ्यात गिरण्यांची रात्रपाळी सुटते, त्याच वेळी कुणी आपल्या कुत्र्याला फिरायला नेतं. गल्लीच्या तोंडाशी मोकळी कुत्री उठून उभी राहतात. कान टवकारलेले, शेपटी ताठ. ती गल्ली त्यांचीच. मोकळ्या कुत्र्यांविषयीच्या २०२३च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडतात. ती अशी समोर उभी राहिली, तर धावू नका, दगड उचलू नका. साखळी आखूड धरा, पण ताणू नका. शांतपणे वाट बदला. चावलंच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. तरी कुत्र्यांचा राग नको: कथेत भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले संत नामदेव आपल्याच परंपरेतले. त्यांची माया अंगी बाणवू या, आणि तिला सावधपणाची जोड देऊ या.