नीटनंतरचं इन्स्टाग्राम

मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा पेपर झाला की क्लासेसनी गजबजलेला लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडचं श्यामनगर, भाग्यनगर दोन-चार दिवसांत रिकामं होऊ लागतं. गाद्यांच्या वळकट्या, नोट्सचे गठ्ठे, मेसचे डबे घेऊन पोरं-पोरी उदगीर, मुखेड, देगलूर, अहमदपूरच्या एसटीत बसतात. अकरावी-बारावीची दोन वर्षं, रिपीटर असेल तर आणखी एक, यातल्या अनेकांच्या हाती बटणांचा साधा फोन होता. इन्स्टाग्राम कुणी आपणहून काढून टाकलं होतं, कुणाला घरच्यांनी काढायला लावलं होतं. आता स्मार्टफोन परत मिळणार. ही मुलं तिथे पुन्हा जातील का?

बहुतेक जातील, असं मला वाटतं. त्यासाठी त्यांना कुणी कमकुवत मनाचं म्हणू नये. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली मैत्रीण आता पुण्यात असते, दुसरी संभाजीनगरला. त्यांची खुशाली जिथे कळते, तिथे जावंसं वाटणारच.

मोठ्यांनीही हे अनुभवलं आहे. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावर लोक चिडले आणि अनेकांनी सिग्नल, टेलिग्राम घेतलं. कंपनीला 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. पण शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोयाबीनचे भाव कळवणारा ग्रुप जागचा हलला नाही. एकट्याने बिऱ्हाड हलवून भागत नाही, अख्खी गल्ली उठावी लागते. गेलेले बरेच जण मुकाट्याने परत आले. टिकटॉकचं उलट झालं. 29 जून 2020 ला सरकारने 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा सगळे एकदमच बाहेर पडले. जुलैत इन्स्टाग्रामचं रील्स भारतात आलं आणि बांधावर उभं राहून व्हिडिओ करणारी पोरं तिकडे वळली. परतीचा प्रश्नच उरला नाही.

आपण परतू, हे कंपन्याही धरून चालतात. इन्स्टाग्रामचं खातं कायमचं काढून टाकायला सांगितलं, तरी 30 दिवस ते पुन्हा सुरू करता येतं.

2014 मध्ये नेदरलँड्समधून 99 दिवस फेसबुकपासून दूर राहण्याची एक मोहीम निघाली होती. त्यात भाग घेतलेल्यांच्या उत्तरांचा अभ्यास अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. फेसबुकचं व्यसन लागलंय असं ज्यांना वाटत होतं, ते मुदतीआधी परतण्याची शक्यता जास्त दिसली. पण मला महत्त्वाचे वाटतात ते दुसरे. आपल्या आयुष्यात या गोष्टीला किती जागा द्यायची, याचा विचार करणाऱ्यांची परतण्याची शक्यता कमी दिसली. आणि त्यातले जे परतले, त्यांतल्या अनेकांनी वापराची रीत बदलली. कुणी फोनमधलं अ‍ॅप काढलं, कुणी मित्रयादी छाटली, कुणी वेळ ठरवून घेतली.

आपल्याकडे खरी उणीव इथे आहे. लातूर पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तयारीत फोन सुटतो, तो बहुतेकदा मोठ्यांच्या हुकमाने किंवा परीक्षेच्या धाकाने. का सोडायचा आणि पुढे काय, यावर मुलाशी कुणी बोलत नाही. धाक संपला की जुनी सवय आहे तशी परत येते. पहिल्या आठवड्यातच रात्रीचे दोन-दोन वाजू लागतात. मग घरात भांडण होतं आणि फोन पुन्हा कपाटात जातो. हे टाळता येतं.

नीटचा निकाल लागेपर्यंतचे दिवस मोकळे असतात. आई-वडिलांनी त्यातली एखादी संध्याकाळ मुलांसोबत बसावं. इन्स्टाग्रामवर तुला कुणाला भेटायचंय, कुणाला फॉलो करणं थांबवायचंय, रात्री फोन कुठे ठेवायचा, हे विचारावं आणि उत्तर त्यांनाच ठरवू द्यावं. आणि यंदा जी मुलं अकरावीला लातूर-नांदेडला निघाली आहेत, त्यांनी इन्स्टाग्राम काढण्याआधी जवळच्या मित्र-मैत्रिणींचे नंबर डायरीत लिहून घ्यावेत. साध्या फोनवरूनही रविवारी त्यांच्याशी बोलता येतं.