ताप येईल, असं सांगा

२०२१च्या उन्हाळ्यात आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प ४मध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घेतली का?" काय घेतली, हे विचारायची गरज नव्हती. लगोलग दुसरा प्रश्न, "मग, ताप आला?" आला म्हटलं की समोरचा समाधानाने मान डोलवायचा. नाही म्हटलं की जरा थबकायचा आणि आपल्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. ताप ही कोविडच्या लसीची पावती झाली होती.

आमच्या घरात ही पावती मला मिळाली. दुपारी टोचून आलो, संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. रात्री आधी पाय गार पडले, मग दात वाजायला लागले. एप्रिलचा उकाडा, वर पत्रे, आणि मी पंखा बंद करायला लावून दोन गोधड्यांखाली. पहाटे घाम फुटून ताप उतरला. सकाळी डावा हात शर्टाच्या बाहीत घालवेना. बायकोचं थोडं अंग मोडून आलं, तेवढंच. आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला काहीच झालं नाही. तिने कितीतरी दिवस तोंड पाडलं. "तुम्हाला औषध टोचलं आणि मला पाणी," हे तिचं पालुपद.

ती शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे महिन्या-दीड महिन्यात कळलं. कांदिवलीच्या हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत ३० मे २०२१ला लसीकरणाचं शिबिर झालं. ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून लस घेतली. एवढ्या लोकांत कुणाला ताप नाही, कुणाचा दंडही ठणकला नाही. प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने. रहिवाशांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि शिबिरच बनावट निघालं. कुप्यांत मिठाचं पाणी असावं, असा पोलिसांचा अंदाज होता. मुंबईत अशा शिबिरांत २,०५३ लोक फसले, असं राज्य सरकारने जूनमध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं.

तरीही आईचं म्हणणं चूकच होतं. लस आत गेली की शरीराचे पहिल्या फळीतले राखणदार जागे होतात आणि इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन अशी रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तापमान ठरवणारं केंद्र आपला आकडा वर सरकवतं. अंग असतं ३७ अंशांवर, मेंदूला हवे असतात ३९, म्हणून भर एप्रिलात हुडहुडी भरते. हा सगळा पहिल्या एक-दोन दिवसांतला गोंधळ. रोगाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशींचं काम त्यानंतर कितीतरी दिवस, मुकाट्याने चालतं, आणि ते किती चांगलं चाललंय हे तापावरून सांगता येत नाही. वय वाढलं की हा पहिला दंगा कमी होतो, म्हणून म्हाताऱ्यांना बहुधा कमी त्रास. कोव्हिशील्डच्या पहिल्या मात्रेला जास्त ताप, दुसरीला कमी. फायझर, मॉडर्नाचं नेमकं उलटं.

यात आणखी एक गंमत आहे. जानेवारी २०२२मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात कोविड लसींच्या १२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. चाचणीत निम्म्या लोकांना लस देतात आणि उरलेल्यांना त्यांच्या नकळत औषध नसलेलं इंजेक्शन. या दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के लोकांनीही पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा असल्या तक्रारी सांगितल्या. म्हणजे नुसत्या पाण्यानेही तिघांतल्या एकाला 'लागू पडली'. (कांदिवलीकरांना तेवढंही झालं नाही, याचंच नवल.) या तक्रारी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. डोकं दुखलं म्हणजे दुखलंच. पण ते लसीने दुखलं का, हे दुखणारा माणूस स्वतः सांगू शकत नाही, इतकंच.

आमच्यासारख्यांनी ताप मिरवला, कारण आम्हाला तो परवडत होता. कॅम्प ४ आणि ५च्या गल्ल्यांत जीन्स शिवणारे कारखाने आहेत. तिथे मजुरी पीसवर. मशीनवर बसलात तर पैसे, गोधडीत पडलात तर शून्य. सुभाष टेकडीवरून आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी लस घ्यायचं महिनाभर टाळलं. लोक म्हणाले, अडाणी आहे, घाबरते. एक दिवस त्यांनी माझ्या बायकोला सरळ विचारलं, "वहिनी, दोन दिवस पडले तर खाडे धरणार ना तुम्ही?" बायको म्हणाली, नाही धरणार. शेजारच्या सिंधी कुटुंबानेही तसंच सांगितलं. त्या शनिवारी ताई जाऊन टोचून आल्या, रविवारी तापल्या, मंगळवारी कामावर. लसीबद्दलची भीती, गैरसमज, अंधश्रद्धा यांवर तेव्हा रकानेच्या रकाने छापून आले. रोजंदारीवरच्या माणसासाठी साइड इफेक्टचा पहिला अर्थ 'बुडालेला रोज' असा आहे, हे त्यात क्वचित दिसलं. सरकारने टोचणी फुकट केली हे चांगलंच झालं, पण तापाचे दोन दिवस ज्याच्या त्याच्या खिशातून गेले.

आणि अंधश्रद्धेचं म्हणाल, तर आमच्या शहराला रोग आणि दैवत यांचं नातं नवीन नाही. १९४९मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, त्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांबरोबर थदडीही आली. श्रावणात, गोकुळाष्टमीच्या आगेमागे, सिंधी घरांत एक दिवस चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेली गोड लोली, भाजी, दही असं गार जेवण शीतलामातेला दाखवून खातात. आपल्याकडच्या शीतळा सप्तमीचीच ही बहीण. अंगावर फोड घेऊन येणाऱ्या या देवीला थंड ठेवायचं, हा दोन्हींतला भाव. गंमत अशी की थदडी पाळणाऱ्या त्याच पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचे रुपयाएवढे वण आहेत. आई सांगते, देवी काढायला माणूस आला की पोरं माळ्यावर लपायची. टोचलेली जागा पिकायची, खपली धरायची, ताप यायचा. पण तो ताप येणार हे गल्लीतल्या प्रत्येकाला आधी ठाऊक असायचं, त्यामुळे तो आल्यावर कुणी सरकारच्या नावाने बोटं मोडली नाहीत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये सापडला. चूल गार ठेवणाऱ्यांनीच दंड पुढे केले होते.

मुद्दा आधी सांगण्याचा आहे. माझ्या पहिल्या मात्रेच्या वेळी एका शाळेच्या वर्गात केंद्र होतं. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून सिस्टर बाकावरची डोकी मोजत होत्या, "अजून दोघं येऊ द्या, मग फोडते." टोचल्यावर अर्धा तास बसायला सांगितलं. बाजूच्या आजींनी विचारलं, "काही होणार नाही ना?" खुर्चीवरचा कर्मचारी म्हणाला, "काही होत नाही आजी." दुसऱ्या मात्रेच्या वेळच्या सिस्टर वेगळ्या होत्या. प्रत्येकाला त्या एकाच सुरात सांगत होत्या: आज रात्री ताप येईल, हात दुखेल, ही गोळी घ्या, उद्या जड उचलू नका, तीन दिवसांनी बरं नाही वाटलं तर इथेच या. त्यांच्या रांगेतून कुणी उठून गेलं नाही. "काही होत नाही" हे धीर देण्यासाठी बोललेलं खोटं आहे, आणि ते रात्री नऊ वाजता उघडं पडतं. मग माणूस विचार करतो, हे खोटं निघालं, तर बाकीचं कशावरून खरं?

मुंबईला हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीचा. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना सणकून ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि हे त्यांनी लपवलं नाही. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. पुढे ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर फुटलं, ते निलंबित झाले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हा मुद्दा वर यायला आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं. मधली वर्षं अफवांची. परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

तापाबद्दल बोलणं सोपं, कारण तो उतरतो. अवघड आहे ते क्वचित घडणाऱ्या, न उतरणाऱ्या गोष्टींबद्दल बोलणं. कोव्हिशील्डनंतर फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि प्लेटलेट घसरतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ला याचं पत्रक काढलं. दहा लाख मात्रांमागे ०.६१ असं प्रमाण त्यात होतं. ब्रिटनचं ४ आणि जर्मनीचं १० असंही त्यातच नमूद होतं. लस घेतल्यावर काही आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, धाप, पाय सुजणं, धूसर दिसणं असं काही झालं तर ताबडतोब कळवा, ही लक्षणंही दिली होती. आपल्याकडे धोका खरोखर कमी असेल. पण डोकं दुखतंय म्हणून रोज बुडवून डॉक्टरकडे जाणं ज्यांना जमत नाही, त्यांची डोकेदुखी कुठल्या आकड्यात येणार? पत्रक निघालं, पण आमच्या केंद्राच्या भिंतीवर ते कधी दिसलं नाही.

मग २०२४च्या उन्हाळ्यात कोव्हिशील्डच्या मूळ कंपनीने, म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात हाच दुर्मीळ दोष मान्य केल्याची बातमी आली आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हलकल्लोळ झाला. तीन वर्षांपूर्वी लस घेऊन धडधाकट फिरणारी माणसं छातीवर हात ठेवून विचारायला लागली, "आता मला काही होईल का?" हा धोका पहिल्या काही आठवड्यांतला होता, तो केव्हाच टळला होता. २०२१मध्ये शांतपणे सांगितलेली चार वाक्यं लोकांनी पचवली असती. ती दडल्यामुळे २०२४मध्ये 'लपवलं होतं' या बातमीच्या रूपात अंगावर आली.

ज्यांच्या घरात खरोखर माणूस गेलं, त्यांच्याशी तर आपण नीट वागलोच नाही. जानेवारी २०२१मध्ये, लसीकरणाच्या पहिल्याच टप्प्यात लस घेतलेली एक तरुण डॉक्टर मार्चच्या पहिल्या तारखेला वारली. तिच्या वडिलांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात म्हटलं की लस कायद्याने सक्तीची नव्हती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या चाकरमान्याने हे वाचून काय म्हणावं? १५ ऑगस्ट २०२१पासून दोन मात्रा आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. स्टेशनवर प्रमाणपत्र तपासून शिक्का मारून घ्यायचा, मग तिकीट खिडकी. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचं अंतर. विठ्ठलवाडीहून मुंबई गाठायला ज्याला लोकलशिवाय धड मार्ग नाही, त्याच्या दृष्टीने ही 'ऐच्छिक' लस किती ऐच्छिक होती?

माझ्या मते ती अट तेव्हा समजण्यासारखी होती, आणि लस घेतली ते योग्यच केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. पण सगळ्यांच्या भल्यासाठी सगळ्यांना दंड पुढे करायला लावायचं, आणि त्यातल्या एखाद्याचं वाईट झालं की 'तुम्ही स्वखुशीने आलात' म्हणायचं, हे न्यायाचं नाही. ब्रिटनने १९७९मध्येच लसीने गंभीर इजा झालेल्यांसाठी कायदा केला. तिथे आज एकरकमी १,२०,००० पौंड मिळतात. त्या रकमेने कुणाचं माणूस परत येत नाही, पण समाज आपली बाजू तरी कबूल करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२च्या निकालात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: लस घ्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही, आणि लसीनंतरचा त्रास सामान्य माणसाला, खासगी डॉक्टरला नोंदवता येईल अशी खुली व्यवस्था हवी.

पहिल्या गोष्टीची चर्चा खूप झाली. दुसरी तुमच्या-माझ्या हातातली आहे. घरातल्या बाळाची दीड महिन्याची लस असो की आजोबांची न्यूमोनियाची, टोचण्याआधी सिस्टरना विचारा, काय काय होऊ शकतं आणि किती दिवस. त्यानंतर सांगितल्यापेक्षा जास्त काही झालं, तर गल्लीत सांगण्याआधी ज्या केंद्रावर टोचलं तिथे जाऊन ते लिहून घ्यायला लावा, आणि लिहिल्याचा कागद मागून घ्या. आणि घरकामाच्या ताई टोचून आल्या, तर दोन दिवसांचा खाडा धरू नका.