हाड पक्कं होईपर्यंत

पाय सैल सोडून बसा. तळहात गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवा. वाटीच्या शेजारी मांडीच्या हाडाचा उंचवटा बोटांना लागेल. तिथून एक मजबूत बंध खाली नडगीच्या हाडाकडे जातो. श्वास संथ चालू द्या. थोडा वेळ या एवढ्याशा जागेचंच मनन करू या.

आता बीड जिल्ह्यातला एखादा गुडघा डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेल्या बाईचा किंवा गड्याचा. डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली ट्रकला लावलेली अरुंद फळी. पाय सटकतो, गुडघा आत मुडपतो आणि तो बंध वरच्या टोकाशी फाटतो. तिथं रक्त साकळतं. डागडुजीसाठी पेशी जमतात आणि कधीकधी त्याच पेशी बंधात हाड घडवू लागतात. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेवर पांढरी रेघ दिसते. इटलीचे आऊगुस्तो पेलेग्रिनी यांनी १९०५ साली आणि जर्मनीचे आल्फ्रेड श्टीडा यांनी १९०८ साली या विकाराचं वर्णन केलं. आजही तो त्या दोघांच्याच नावानं ओळखला जातो.

इथं क्षणभर थांबा. शरीरानं सांधायलाच घेतलं होतं, जागा चुकली. त्याच्यावर राग धरू नका.

मनात लगेच येतं, काढून टाका एकदाचं. हा विचार येऊ द्या आणि त्याच्याकडे नीट पाहा. चुकीच्या जागी आलेलं हाड अजून कच्चं असताना सुरी चालवली, तर तिथं पुन्हा हाड धरण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर बहुधा काही महिने, कधी वर्षभरही वाट पाहतात. एक्स-रेवर त्याची कड रेखीव दिसते का, वाढ थांबली का, हे तपासत राहतात. दरम्यान विश्रांती, शेक, गोळ्या आणि बेताचा व्यायाम यांवरच बहुतेकांना आराम पडतो. शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.

पण सहा महिने म्हणजे ऊसतोडीचा अख्खा हंगाम. मुकादमाची उचल अंगावर असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो. एक पाय अडला की दोघांची मजुरी अडते. अशा घराला ‘थांबा’ म्हणणं सोपं नाही. हेही सावकाश मनात उतरू द्या. थांबणं हा उपचार असेल, तर त्या काळात त्या घराची चूल पेटती ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे.

ज्यांचं दुखणं हटत नाही, गुडघा पुरता वाकत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे. आतल्या बाजूनं छेद घेतात. बंधाचे धागे जपून बाजूला करतात, त्यात रुतलेला हाडाचा तुकडा सोडवून काढतात. बंध कमजोर झाला असेल तर तो पुन्हा हाडाशी बांधतात. रक्त साकळू नये याची काळजी घेतात, कारण खोड तिथंच सुरू झाली होती. हाड पुन्हा धरू नये म्हणून काहींना काही आठवडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. मग रोजचा व्यायाम, थोडा थोडा, डॉक्टर सांगतील तेवढाच. काय काढायचं आणि काय राखायचं, हा विवेक यात सुरीच्या धारेइतकाच मोलाचा आहे.

आता हात गुडघ्यावरून उचला आणि एवढं मनाशी पक्कं करा. मार लागलेला, सुजलेला गुडघा तेल लावून रगडू नका, कुणाला जोरानं वाकवू देऊ नका. त्यानं आत पुन्हा रक्तस्राव होतो आणि नको ते हाड वाढायला वाव मिळतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. तिथं वेळेवर जा, एक्स-रे काढा. आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा.