लेखकाचा हक्क, संकेतस्थळाची जबाबदारी

सामूहिक लेखनाच्या संकेतस्थळावर मजकूर जतन करणारा प्रत्येक माणूस, अटी वाचो वा न वाचो, एक करार करत असतो. त्यात दोन गोष्टी ठरतात: मजकुरावर हक्क कोणाचा, आणि त्यावरून खटला उभा राहिला तर उत्तर कोणी द्यायचे. कोश, पाककृती, गडकिल्ल्यांच्या वाटा, जुन्या छायाचित्रांचे संग्रह असे बरेच काही आता मराठीतही लोकांच्या हातभाराने उभे राहते. असे उपक्रम चालवणाऱ्यांमध्ये एक मत घट्ट रुजलेले आहे. लेखक मोफत लिहितो, त्याने काही मागितलेले नसते; तेव्हा हक्क सगळे लिहून घ्यावेत आणि जबाबदारी सगळी त्याच्यावर सोपवावी, म्हणजे संस्था सुरक्षित राहते. मग एखाद्या परदेशी कंपनीच्या अटी उचलून, नाव बदलून त्या लावल्या जातात. हे मत कायद्याच्या कसोटीवर कच्चे आहे आणि न्यायाच्या कसोटीवर चुकीचे आहे.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा लेखक असतो. ही मालकी दुसऱ्याकडे द्यायची तर कलम १९ आडवे येते, आणि ते कलम लेखकाच्या बाजूने उभे आहे. हस्तांतरण लेखी हवे आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात नमूद हवे. मोबदल्याचाही उल्लेख हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क त्याच्या हातून जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ इलेक्ट्रॉनिक कराराला मान्यता देते हे खरे. पण ‘मी सहमत आहे’ या चौकटीत खूण करणे म्हणजे मालकी सोडून देणारी सही, असा अर्थ न्यायालय लावेल याची हमी कोणताही जबाबदार वकील देणार नाही.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेली एक दुरुस्ती आज फार महत्त्वाची ठरते. तिच्यामागे हिंदी चित्रपटसृष्टीतल्या गीतकार-संगीतकारांचा लढा होता. जावेद अख्तर यांनी तो राज्यसभेत नेटाने मांडला. पूर्वी एकदा सही केली की पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माध्यमातली कमाई निर्मात्याकडे जात असे. दुरुस्तीने कलम १८ मध्ये भर घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वात नव्हती, अथवा व्यापारी वापरात नव्हती, तिला ते हस्तांतरण लागू होणार नाही, तिचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होईल. कोणी २०१३ साली ‘सर्व माध्यमांतले सर्व हक्क’ लिहून घेतले असतील, तर त्या जोरावर जमलेला संग्रह आज कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रतिमाने घडवण्यासाठी विकता येईल का, हा प्रश्न या तरतुदीमुळे उघडा राहतो. सगळे काही घेतल्याचा दावा करणारी मोघम अट इथे संस्थेच्याच उपयोगी पडत नाही.

म्हणून मालकी मागण्याचा हट्ट सोडून परवाना घेणे हा सरळ मार्ग आहे. कलम ३० नुसार परवाना लेखी असला की पुरतो; त्यावर सही असलीच पाहिजे ही अट २०१२ मध्ये गेली. मात्र कलम ३०अ मुळे कलम १९ मधले नियम योग्य त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होतात. तेव्हा मसुद्यात मुदत म्हणून कॉपीराइटचा संपूर्ण काळ, म्हणजे लेखकाची हयात व त्यानंतरची ६० वर्षे, आणि प्रदेश म्हणून संपूर्ण जग हे शब्द असलेच पाहिजेत. एक वर्षाच्या नियमातून सूटही स्पष्ट लिहिली पाहिजे. एरवी मोकळ्या मनाने दिलेला मजकूर पाच वर्षांनी अधांतरी पडू शकतो.

लेखकाचे नाव आणि कृतीची अभंगता यांचे रक्षण कलम ५७ करते. मालकी विकल्यावरही हे हक्क लेखकाकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. सामूहिक लेखनात पहिल्या लेखकाच्या परिच्छेदात दहा जण फेरफार करणार, हे गृहीतच असते. त्यामुळे असे संपादन लेखकाला मान्य आहे हे अटींत सांगावे. नाव मात्र पुसू नये. विकिपीडियाने हा प्रश्न प्रत्येक पानाच्या इतिहासातून सोडवला: कोणी, कधी, काय बदलले याची नोंद तिथे राहते आणि पुनर्वापर करणाऱ्याने त्या पानाचा दुवा दिला की श्रेय पोचते. मराठी संकेतस्थळांनी निदान एवढे तरी करावे.

सगळ्यात अवघड अट आहे ती परवाना परत न घेण्याची. पहिल्या नजरेला ती लेखकावर अन्याय करणारी वाटते. मोफत देणाऱ्याला विचार बदलायचीही मुभा नाही, असे तिचे स्वरूप दिसते. पण सामूहिक कृतीत एका लेखकाच्या वाक्यावर दुसऱ्याचे वाक्य उभे असते. पहिल्याने आपला भाग काढून घेतला तर नुकसान संस्थेचे थोडे आणि सहलेखकांचे फार होते. या बाजूने पाहिले की ती अट लेखकांनी एकमेकांना दिलेले वचन ठरते, आणि तशी ती असावीच. मात्र ते वचन जगाला दिलेले असले पाहिजे, एका कंपनीला नव्हे. म्हणजे लेखकाने क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा सार्वजनिक परवाना द्यावा आणि संस्थेलाही त्याच परवान्याखाली मजकूर मिळावा. वाचकाला जे मिळते त्याहून एक हक्कही संस्थेने जास्त घेऊ नये. ‘उपपरवाना देण्याचा व विकण्याचा अधिकार’ हे शब्द मग मसुद्यात राहतच नाहीत.

उद्या हा परवाना अपुरा ठरला तर तो कोणी बदलायचा? या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. स्वयंसेवकांनी रस्ते, वस्त्या, नद्या नोंदवून जगाचा मुक्त नकाशा करायचा, असा हा २००४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. त्याची माहिती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली होती. तो परवाना लेख-चित्रांसाठी घडवलेला. रस्त्याची लांबी किंवा गावाचे स्थान ही वस्तुस्थिती, आणि वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. माहितीसंचासाठी वेगळा परवाना हवा हे कळले, पण तो बदलण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. मग प्रत्येक नोंदणीकाराला संमती विचारण्यात आली. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, त्यांच्या नोंदी जुलै २०१२ मध्ये नकाशातून काढून टाकाव्या लागल्या. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडसारख्या ठिकाणी नकाशाला भोके पडली आणि लोकांनी ते रस्ते पुन्हा नोंदवले. नवा परवाना १२ सप्टेंबर २०१२ ला लागू झाला. या अनुभवातून आलेल्या अटींत पुढच्या बदलाची वाट आखलेली आहे: नवा परवाना मुक्तच असला पाहिजे आणि त्याला सक्रिय नोंदणीकारांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. गेल्या बारा महिन्यांपैकी निदान तीन महिन्यांत ज्याने नोंदी केल्या तो सक्रिय, ही व्याख्याही तिथेच दिली आहे. विकिपीडियाने २००९ मध्ये परवाना बदलताना सदस्यांचे मतदान घेतले होते. सुमारे १७ हजार जणांनी मत दिले आणि तीन चतुर्थांश लोक बदलाच्या बाजूने होते.

उलट प्रश्नोत्तरांची संकेतस्थळे चालवणाऱ्या स्टॅक एक्स्चेंजने सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या उत्तरांसकट सगळा मजकूर नव्या आवृत्तीच्या परवान्याखाली आल्याचे परस्पर जाहीर केले आणि लेखकांचा विश्वास दुखावला. पुढे कोणत्या काळातले लेखन कोणत्या आवृत्तीखाली, हे त्यांना वेगळे करून दाखवावे लागले. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीशी करार केला. काही लेखकांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसायला घेतली, तर त्यांची खाती काही काळ बंद करण्यात आली. परवाना परत घेता येत नाही, हे कंपनीचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. पण मजकूर विकण्याची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्यांना कोणी विचारले नाही, हे दुःख खरे होते आणि ते अटींतच टाळता आले असते.

जबाबदारीच्या बाबतीत मसुदे याहून कठोर असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळासारख्या संस्थेला, संरक्षण देते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला स्पष्ट केले की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश मिळाल्यावरच मध्यस्थावर मजकूर काढण्याचे बंधन येते. पण हे संरक्षण सरसकट नाही. जो मजकूर स्वतः निवडतो किंवा बदलतो, त्याला ते सहज मिळत नाही. अनेक मराठी उपक्रमांत संपादक मंडळ प्रत्येक नोंद तपासून, सुधारून प्रसिद्ध करते. अशा मंडळाने छापताना संपादक असावे आणि नोटीस आली की मध्यस्थ व्हावे, हे मान्य करता येत नाही.

धोका काल्पनिक नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात २ कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा केला आणि न्यायालयाने तीन संपादकांची माहिती देण्याचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला: फाउंडेशनने समन्स स्वतः त्या संपादकांपर्यंत पोचवायचे आणि त्यांची ओळख उघड करायची नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील पानातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने फाउंडेशनला नोटीस दिली. पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. अशा वेळी ‘सर्व नुकसान लेखक भरून देईल’ या वाक्याचा अर्थ, नोकरी करून संध्याकाळी लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर संस्थेच्या वकिलांचाही खर्च, असा होतो. विकिमीडियाच्या अटींत संस्थेची स्वतःची जबाबदारी एक हजार डॉलरपुरती सीमित आहे. मोफत लिहिणाऱ्याला तेवढीही मर्यादा नाकारण्याचे समर्थन होत नाही.

लेखकाकडून मागावी अशी जबाबदारी मोजकी आहे: मजकूर स्वतःचा किंवा मुक्त परवान्याचा असावा आणि जाणूनबुजून खोटे लिहू नये. त्याने घेतलेली हमी ‘माझ्या माहितीप्रमाणे’ एवढीच असावी. भरपाई द्यायची तर ती लबाडीपुरती. बदल्यात संस्थेने लेखी सांगावे की नोटीस आली की लेखकाला लगेच कळवले जाईल, कायद्याने भाग पाडल्याशिवाय त्याची ओळख दिली जाणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आदेशाला आव्हान देण्यासाठी त्याला पुरेसा अवधी मिळेल. कॉपीराइटची तक्रार असेल तर २०१३ च्या नियमांनुसार ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो; तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. तो खुला केला जाईल, हेही अटींत लिहावे, कारण बहुतेक संस्था पहिले काम करतात आणि दुसरे विसरतात.

शेवटी वयाचा प्रश्न राहतो. शाळा-महाविद्यालयांच्या कार्यशाळांतून मराठी संकेतस्थळांवर बरेच लेखन येते. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला. नववीतल्या मुलीने दिलेला परवाना म्हणूनच पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये, आणि भरपाईची कोणतीही अट तिला लावू नये.